हनन्याचा संदेश आणि यिर्मयाचे पत्र

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले, एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन मराठी ख्रिस्ती घरांत जागोजागी भेटते. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, दहावीच्या निकालाच्या दिवशी व्हॉट्सॲपवर, आणि नववर्षाच्या उपासनेत तर हमखास. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे परमेश्वर तिथे सांगतो. त्यावरच्या संदेशाचा, म्हणजे चर्चमधल्या उपदेशाचा, रोखही ठरून गेला आहे. या वर्षी नोकरी लागेल, व्हिसा येईल, अडलेले लग्न जुळेल. लगतच्या दहाव्या वचनात मात्र सत्तर वर्षांची मुदत दिली आहे, आणि ते वचन भिंतीवर कुणी लावत नाही.

हा सगळा मजकूर एका पत्रातला आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतून राजा, सरदार, कारागीर, लोहार अशा हजारो लोकांना बाबेलास धरून नेले. त्यांना यिर्मयाने लिहिले की घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. परतणे सत्तर वर्षांनी. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक प्रौढ बाबेलातच मरणार होते, आणि तरीही देवाचे संकल्प हिताचे होते. या वचनातला दिलासा असा आहे. तो ऐकायला जड जातो, पण कर्करोगाने आजारी असलेल्या माणसाच्या उशाशी बसून सांगता येईल इतका तो टिकाऊ आहे.

त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा आहे. मंदिरात, याजकांसमोर आणि सर्व लोकांसमोर त्याने जाहीर केले की दोन वर्षांत सगळे परत येतील, लुटून नेलेली पात्रेही परत येतील. बाबेलच्या अंकिततेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेले लाकडी जू काढून त्याने ते सर्वांदेखत मोडले. यिर्मयाने आधी ‘आमेन’ म्हटले, कारण असे घडावे असे त्यालाही वाटत होते. पण देवाने ते सांगितलेले नव्हते. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मेला, आणि लोक बाबेलातच राहिले. आज वचन यिर्मयाचे वाचले जाते आणि त्यावरचा संदेश हनन्याचा असतो.

इव्हँजेलिकल म्हणजे सुवार्तावादी मंडळ्यांमधल्या उपदेशाबद्दल बऱ्याच तक्रारी कानावर येतात. संदेश उथळ झाला, पैशाचा झाला, करमणुकीचा झाला, मोठ्या उपदेशकांची नक्कल झाली. माझ्या मते या तक्रारींचे मूळ एकच आहे. उतारा आधी आणि विषय त्यातून, हा क्रम उलटला आहे. हल्ली विषय आधी ठरतो आणि त्याला साजेसे वचन मागाहून शोधले जाते.

हा क्रम बदलला कसा, ते थोडक्यात पाहण्यासारखे आहे. १ जानेवारी १५१९ रोजी झुरिकमध्ये झ्विंग्ली या धर्मसुधारकाने त्या त्या रविवारसाठी नेमून दिलेले तुकडे सोडून मत्तयाचे शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून ओळीने सांगायला सुरुवात केली. दुसरा धर्मसुधारक कॅल्विन याला १५३८ मध्ये जिनिव्हातून घालवून दिले होते. १५४१ मध्ये तो परतला तेव्हा, जिथे थांबला होता त्याच्या पुढच्या वचनापासून त्याने उपदेश सुरू केला. तीन वर्षांच्या अपमानावर एक संदेश देणे त्याला सहज शक्य होते. त्याने तो दिला नाही, आणि यात एक शिस्त दिसते: आज काय बोलायचे हे उपदेशकाच्या मनःस्थितीने ठरवायचे नाही.

१९२८ मध्ये हॅरी इमर्सन फॉस्डिक या अमेरिकन उपदेशकाने एका मासिकात लिहिले की बायबलमधल्या यबूसी लोकांचे पुढे काय झाले, हे जाणण्याच्या ओढीने कुणी चर्चमध्ये येत नाही. त्याच्या मते संदेशाची सुरुवात श्रोत्याच्या अडचणीपासून व्हावी. फॉस्डिक उदारमतवादी होता आणि सुवार्तावादी लोक त्याला विरोधक मानत. पण पुढच्या पन्नास वर्षांत त्याची पद्धत त्यांनीच उचलली. १९७५ मध्ये शिकागोजवळ सुरू झालेल्या विलो क्रीक चर्चने चर्चला न जाणाऱ्या लोकांना घरोघर जाऊन ‘तुम्ही का येत नाही?’ असे विचारले आणि मिळालेल्या उत्तरांवर रविवारच्या सभेची आखणी केली. नाटिका, वाद्यवृंद, ताणतणाव, संसार, पैसा, मुलांचे संगोपन असे विषय आले आणि माणसे हजारोंनी जमली. २००७ मध्ये त्याच चर्चने आपले सर्वेक्षण प्रसिद्ध केले. कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून देवावरची प्रीती वाढतेच असे नाही, असे त्यात दिसले, आणि लोकांना स्वतः पवित्र शास्त्र वाचायला शिकवायला हवे होते, हे नेतृत्वाने मान्य केले. असे जाहीरपणे कबूल करायला धैर्य लागते. दुःख याचे, की तोपर्यंत ती पद्धत आपल्या शहरांतल्या हॉलमध्ये येऊन रुजली होती, आणि ती कबुली मात्र इथपर्यंत आली नाही.

विश्वास ठेवला की पैसा आणि आरोग्य मिळतेच, ही समृद्धीची शिकवण याच वाटेवर आणखी पुढे गेली. अमेरिकन उपदेशक ऑरल रॉबर्ट्स यांच्या सेवेला १९४७ मध्ये ३ योहानाच्या दुसऱ्या वचनाने वळण दिले. जिवाची भरभराट होते तशी सर्व बाबतींत तुझी भरभराट होवो आणि तू सुदृढ असावेस, असे पत्रलेखक, स्वतःला मंडळीचा ‘वडील’ म्हणवणारा, गायस नावाच्या मित्राला लिहितो. त्या काळच्या पत्रांत मायना झाल्यावर असे कुशल चिंतायची रीतच होती. आपण ‘सर्व क्षेम’ लिहायचो तसे. शुभेच्छेला वचनदत्त करार मानले की पुढची पायरी आपोआप येते: आजारी आहेस? मग तुझा विश्वास कमी पडला. तंगी आहे? मग तू बी पेरले नाहीस, म्हणजे देणगी दिली नाहीस.

दशमांशाच्या, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याच्या, संदेशात ‘सगळा दशमांश भांडारात आणा’ हे मलाखी ३:१० येते, तेही असेच तोडून. तिथले भांडार म्हणजे मंदिरातली धान्याची कोठारे. दशमांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा होता आणि ज्यांना इतर वंशांसारखा जमिनीचा वाटा नव्हता त्या, मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांचे पोट त्यावर चालत असे. तो बंद झाला तेव्हा लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांकडे गेले, असे नहेम्याच्या तेराव्या अध्यायात आहे. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातल्या लेव्यांसाठी, परक्यांसाठी, अनाथांसाठी आणि विधवांसाठी ठेवायचा, असे अनुवाद १४:२८-२९ सांगते. म्हणून ज्या मंडळीत दशमांश जोरात मागितला जातो, तिथे विधवेच्या घरी किती धान्य पोहोचते हे विचारण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे, आणि तो हक्क त्याच वचनाने दिला आहे. २०१० मध्ये केप टाउनला भरलेल्या लॉसेन परिषदेने जगभरच्या सुवार्तावाद्यांच्या वतीने समृद्धीची शिकवण शास्त्राचा विपर्यास ठरवून नाकारली. ठराव घरचाच असूनही तो आपल्याकडे पुलपीटावरून क्वचितच वाचला गेला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वस्तीतले कुटुंब जुनी मंडळी सोडून पत्र्याच्या शेडमधल्या प्रार्थनासभेला जाते, ते काही कुणी फसवले म्हणूनच जाते असे नाही. जुन्या मंडळीत छापील टीकाग्रंथ, म्हणजे बायबलवरचे भाष्य, एकसुरात वाचला जात होता. घरात मूल तापाने फणफणत होते आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला कुणी आले नव्हते. शेडमध्ये कुणीतरी गुडघे टेकून रडले. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करा असे याकोबाचे पत्र सांगते, आणि ज्या मंडळीने ते सोडले तिने समृद्धीच्या उपदेशकाला दार उघडून दिले. प्रार्थना करावीच. पण दोन नियम पाळावेत. पहिला, औषध बंद करा असे कुणीही, कधीही, सूचकपणेसुद्धा म्हणू नये. क्षयाच्या गोळ्या साधारण सहा महिने घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, ‘बरा झालो’ अशी साक्ष दिली जाते, गोळ्या सुटतात, आणि मग रोग औषधाला दाद न देणारा होऊन परततो, घरातल्या लहानग्यांनाही लागतो. दुसरा, बरे झाल्याची साक्ष डॉक्टरांचा अहवाल हातात आल्यावरच आणि काही महिने थांबून द्यावी. देवाने बरे केले असेल तर तीन महिन्यांनंतरही ते खरेच राहील.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या १९०५ च्या संजीवनाचा, म्हणजे आध्यात्मिक जागृतीचा, दाखला आपल्या सभांतून वारंवार दिला जातो. तो देताना त्या स्थळी आणखी काय चालले होते, तेही सांगावे. दुष्काळातून आणलेल्या मुलींचे शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना, आणि रोजचा शास्त्राभ्यास. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात घालवली. पवित्र आत्म्याचा वर्षाव आणि व्याकरणाची घासाघीस त्यांच्याकडे एकाच अंगणात होती.

आता पद्धतीकडे येऊ. ओळीने व्याख्या करून उपदेश करणे म्हणजे नेमके काय, हे न सांगता त्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

पहिले काम पुस्तक निवडणे. सुरुवात रोमकरांस पत्रापासून करू नये. रूथ घ्यावे, चार अध्यायांचे चार रविवार. किंवा फिलिप्पैकरांस पत्र घ्यावे. १०४ वचने, दहा रविवार. उताऱ्याचे तुकडे अध्यायाच्या आकड्यांवर पाडू नयेत, ते आकडे फार नंतर घातले गेले. पौलाचा मुद्दा १:२७ ला सुरू होतो आणि २:४ ला संपतो. तो तुकडा तसाच घ्यावा. पत्रात दहा ते वीस वचने पुरतात. कथेत पूर्ण प्रसंग घ्यावा, मग तो अख्खा अध्याय असला तरी चालेल. वेळापत्रक छापून सूचनाफलकावर लावावे, म्हणजे घरोघरी उतारा आधी वाचून होतो.

आठवड्याला आठ तास काढावेत. तीन ठिकाणी सेवा करणाऱ्या पाळकाला तेही जड जातात, हे खरे. म्हणूनच ते विभागून घ्यावेत. पहिले दोन तास फक्त वाचन: उतारा मोठ्याने पाच वेळा, एकदा रमाबाईंच्या भाषांतरात, एकदा चालू मराठीत, एकदा येत असल्यास इंग्रजीत किंवा हिंदीत. भाषांतरे जिथे वेगळी जातात तिथे खूण करावी, कारण तिथेच काहीतरी अवघड आहे. मग प्रश्न लिहावेत: कोण कुणाला बोलतो, आधीच्या तुकड्याशी याचा सांधा कोणता, ‘म्हणून’, ‘कारण’, ‘परंतु’ हे शब्द कुठे आहेत, कोणता शब्द पुन्हा येतो. टीकाग्रंथ यानंतर उघडावा. आधी उघडला की प्रश्न लेखकाचे होतात आणि उपदेशक नुसता निरोप्या उरतो. चौथ्या तासाच्या शेवटी उताऱ्याचा मुद्दा एका वाक्यात लिहिता आला पाहिजे. नाही आला तर उतारा अजून समजलेला नाही, आणि असल्या उताऱ्यावर चाळीस मिनिटे बोलणे धोक्याचे आहे.

उदाहरण घेऊ. फिलिप्पै ४:१३, ‘मी सर्व काही करू शकतो’ या अर्थाचे वचन, क्रिकेटच्या बॅटवर आणि स्पर्धा परीक्षेच्या टेबलावर चिकटवलेले असते. ओळीने वाचत आलेल्या माणसाला ते अकराव्या आणि बाराव्या वचनानंतर भेटते. पौल कैदेत आहे. भुकेले राहणे आणि तृप्त असणे, विपुलता आणि टंचाई, दोन्हींत समाधानी राहायला शिकलो आहे असे तो सांगतो. तेव्हा ‘सर्व काही’ यात उपाशी राहणे येते. उताऱ्याचे एक वाक्य असे होईल: ख्रिस्त देतो ते बळ परिस्थिती बदलली नाही तरी पुरते. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला हे सांगावे. नापास झाल्यावरही त्याच्या हाती काही राहील.

उरलेले तास लिहिण्याचे. मराठीत शांतपणे बोलणारा माणूस मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द बोलतो. तीस मिनिटांचा संदेश म्हणजे सुमारे ३,५०० शब्द. सगळे लिहून काढावे, आणि पुलपीटावर मात्र एक पान न्यावे. लागू करण्याचा भाग मोघम ठेवू नये. समोरच्या तीन प्रकारच्या माणसांचा विचार करून लिहावे: कंपनीतून कमी केलेला कामगार, सासू-सुनेच्या कचाट्यातली बाई, मंडळीत जन्मलेला पण विश्वास नसलेला विशीतला मुलगा. ‘आपण सर्वांनी प्रार्थनेत वाढावे’ असे वाक्य कोणत्याही उताऱ्यावर बसते, म्हणून ते कोणत्याच उताऱ्याचे नसते.

यात चुका ठरावीक जागी होतात. मूळ शब्दांची उसनवारी ही फार पसरलेली चूक. रोम १:१६ मधल्या सामर्थ्यासाठी ग्रीक शब्द ‘दुनामिस’ आहे, त्यावरून ‘सुवार्ता हा देवाचा डायनामाइट’ असे दणक्यात सांगितले जाते. नोबेलने डायनामाइट बनवला १८६७ मध्ये. पौलाच्या मनात सुरुंग असणे शक्य नाही, आणि तारणाचे काम पहाड फोडण्यासारखे असते असेही तो तिथे म्हणत नाही. दुसरी चूक, प्रत्येक कथेत स्वतःला नायक करणे. दाविदाचे पाच गोटे म्हणजे विश्वास, प्रार्थना, धैर्य असे पाच गुण, आणि गल्याथ म्हणजे तुमचे कर्ज. कथेत आपल्याशी जुळणारे लोक शोधायचे तर चाळीस दिवस थरथर कापत उभे असलेले इस्राएली सैन्य आहे. त्यांच्या वतीने एकजण लढला आणि जिंकला, सगळे त्या विजयात भागी झाले. सुवार्ता नेमकी तिथे सापडते. तिसरी चूक व्याख्या करणाऱ्यांचीच आहे, आणि ती मला जास्त टोचते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर चॅपलमध्ये मार्टिन लॉइड-जोन्स यांनी १९५५ पासून १९६८ पर्यंत शुक्रवारी संध्याकाळी रोमकरांस पत्र सांगितले, तरी चौदाव्या अध्यायापर्यंतच पोहोचले. ते वाचून भारावलेला तरुण पाळक गावातल्या साठ माणसांच्या मंडळीला एका वचनावर पाच रविवार बसवतो. लॉइड-जोन्स यांचा अभ्यासवर्ग आठवड्याच्या मधला होता आणि रविवारचे संदेश वेगळे असत, हे तो विसरतो. शब्दार्थांची यादी वाचून दाखवणे म्हणजे उपदेश होत नाही. ऐकणारा कंटाळला की तो पुन्हा शेडकडे वळतो, आणि मग ‘लोकांना वचन नकोच आहे’ असा निष्कर्ष काढला जातो.

हा निष्कर्ष मराठी माणसाबद्दल तर साफ चुकीचा आहे. वारकरी कीर्तनात एक अभंग घेतात आणि चरणामागून चरण उलगडत दोन तास जातात. लोक मांडी घालून बसतात. गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजारांहून अधिक ओव्यांचे निरूपण या भाषेने सातशे वर्षांपूर्वी केले आणि अजून ते घरोघर वाचले जाते. अहमदनगरच्या ख्रिस्ती लोकांनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तनाचा साज उचलून त्यात ख्रिस्तचरित्र लावले. मूळपद घ्यायचे, त्याचे निरूपण करायचे, आख्यानाने ते ठसवायचे आणि शेवटी मूळपदावर परत यायचे, ही चौकट आपल्या हाताशी असताना आपण ‘ब्रेकथ्रू’, ‘अनॉइंटिंग’, ‘तुमचा सीझन बदलतोय’ अशी बोली बाहेरून आणली. निरूपण हा शब्दच उताऱ्याला धरून राहण्याचा आहे.

लांबीची काळजीही अवास्तव आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक चर्चनी इंटरनेटवर ठेवलेले सुमारे ५०,००० संदेश तपासले. कॅथलिक प्रवचनाचा मध्यक १४ मिनिटे निघाला, सुवार्तावाद्यांचा ३९. म्हणजे वेळ आहे; त्या ३९ मिनिटांत वचन किती, एवढाच प्रश्न आहे. मिनिटभराच्या व्हिडिओंनी तो बिकट केला आहे, कारण उपदेशक आता कापून लावता येईल असे वाक्य आधी लिहितो आणि बाकीचा संदेश त्याच्याभोवती रचतो. सत्तर वर्षांची मुदत मिनिटभरात मावत नाही, दोन वर्षांची मावते. उसने संदेशही याच घाईतून येतात. २०२१ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतल्या चर्चसंघाच्या नव्या अध्यक्षांना, आधीच्या अध्यक्षांच्या संदेशातला मजकूर नाव न सांगता वापरल्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली. परवानगी घेतली होती, पण ऐकणाऱ्यांना ते माहीत नव्हते. आता तर संगणक दोन मिनिटांत संदेश लिहून देतो. त्याला तुमच्या मंडळीतला कामावरून काढलेला कामगार माहीत नसतो, आणि उताऱ्याशी झगडून उपदेशकात जो बदल व्हायला हवा तो त्यात होत नाही.

विषयवार संदेश अजिबात नको, असे माझे म्हणणे नाही. अंत्यविधीला, लग्नाला, त्रैक्यासारखा सिद्धांत शिकवताना तो लागतोच. पण वर्षाच्या ५२ रविवारांपैकी चाळीस तरी ओळीने चालावेत. त्याचा एक लाभ पाळकांनी अनुभवल्याशिवाय कळत नाही. मंडळीत दोन घराणी वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, प्रभुभोजनाच्या वेळी एक डावीकडून येते आणि दुसरे उजवीकडून. पाळकाने ‘क्षमा’ हा विषय मुद्दाम निवडला, तर दुपारी जेवणाआधीच फोन सुरू होतात की हे आम्हाला टोमणे होते. फिलिप्पैकरांस पत्र ओळीने चालले असेल, तर नवव्या रविवारी ४:२ येते. पौल युवदीया आणि सुंतुखे या दोन बायांची नावे भर मंडळीत घेऊन एकचित्त व्हा असे विनवतो, आणि पुढच्याच वचनात आपल्या सोबत्याला त्यांना मदत करायला सांगतो. तारीख नऊ आठवड्यांपूर्वीच फलकावर लागलेली असते. पाळक पुस्तक उघडतो आणि वाचतो, आणि दोन्ही बाजूंच्या बाकांवर त्या दिवशी तक्रार करायला कुणाला जागा नसते.